शंकेचा टाळ
(शतकमहोत्सवात झालेल्या प्रवचनाचं शब्दांकन)

शंभर वर्षं आपली दिंडी पायानं चालली, मुखानं नाम चाललं. आज थोडा विचारही चालवू.

आता दिंडीत कॉलेजातली पोरं येतात. चालता चालता विचारतात, "महाराज, आत्मा आत्मा म्हणता, पाहिला का कुणी?" आपण बहुतेकदा म्हणतो, "गप रे, शंका घेऊ नये." पोरगं गप्प होतं, पण शंका गप्प होत नाही. मग पुढच्या वारीला ते पोरगंच येत नाही. म्हणून आज त्या प्रश्नालाच हात घालतो.

आधी हे पाहू, की आपल्याला काहीही कळतं ते कशानं? शास्त्रकार कळण्याच्या साधनाला 'प्रमाण' म्हणतात. डोळ्यानं समोर दिसलं ते प्रत्यक्ष. लांबून मुक्कामावर धूर दिसला आणि आपण म्हणालो, "चुली पेटल्या," ते अनुमान. वाटेतला माणूस म्हणाला, "तुमचा ट्रक ओढ्यापलीकडं उभा आहे," ते शब्दप्रमाण. चार्वाक एक प्रत्यक्षच मानतो, न्यायशास्त्र उपमान धरून चार मानतं, अद्वैत वेदान्त सहा मानतो.

यातलं प्रत्येक फसू शकतं. अंधारात दोरी साप दिसते. धूर म्हणून पाहिला तो धुरळा निघतो. आणि शब्दाचं तर विचारूच नका! मोबाईलवर निरोप फिरतो, "पुढं पूल बंद आहे." कुणी पाठवला कुणाला ठाऊक नाही, तरी माणसं थबकतात. म्हणून न्यायशास्त्रानं अट घातली, की बोलणारा 'आप्त' हवा: ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो. तेव्हा ऐकलेल्या गोष्टीला दोन प्रश्न विचारावेत. सांगतो कोण? आणि त्याला कळलं कसं?

कुणी म्हणेल, ही तर अश्रद्धा झाली. मग माउलींकडंच पाहा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, त्यांनी श्रीकृष्णाच्या शब्दावर ज्ञानेश्वरी सांगितली. त्याच माउलींच्या अमृतानुभवात दहा प्रकरणं आहेत, आणि त्यात एक शब्दाच्या खंडनाचं, एक अज्ञानाच्या खंडनाचं, तर एक चक्क ज्ञानाच्या खंडनाचं आहे! तिथं ते सांगतात त्याचा भाव असा, की शिवानं किंवा श्रीकृष्णानं सांगितलं एवढ्यासाठी आम्ही हे मानत नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरी हे असंच असतं. एवढी मोठी श्रद्धा आणि एवढी कडक तपासणी एकाच हृदयात नांदली.

आता पोराचा प्रश्न. दिवे घाटात पाय दुखतो. दुखणं मला कळतं. मन म्हणतं, "परत फिरू." घटकाभरानं अभंग रंगतो आणि तेच मन नाचू लागतं. खचलेलं मन मला कळलं, नाचणारंही कळलं. मग हे दोन्ही जाणणारा कोण? "माझा पाय म्हणतो, म्हणून मी पायाहून वेगळा," असं काही जण सांगतात. पण आपण "माझा आत्मा"ही म्हणतो! नुसत्या शब्दानं भागत नाही.

बौद्ध विचारवंतांनी इथंच हरकत घेतली. दिवा रात्रभर जळतो, पण ज्योत क्षणोक्षणी नवी असते. मनाचंही तसंच, मग कायम राहणारा जाणता मानायचा कशाला? हरकत वजनदार आहे, हसण्यावारी नेऊ नका. वेदान्ती उत्तर देतो: "सकाळी खचलो तो मीच, आता नाचतो तोही मीच," ही ओळख कुणाला पटते? क्षण बदलले हे कळायलाही न बदलणारा कुणी लागतो. हा वाद शतकानुशतकं चालला, आणि त्यानं दोन्ही पक्षांचा विचार धारदार झाला.

म्हणून पोराला सांगावं, "बाळा, डोळा सगळं पाहतो, स्वतःला पाहत नाही. म्हणून काय डोळा नाही? तू जे पाहायला निघालास, तोच पाहतो आहे." चांगदेव पासष्टीत माउली आरशाचा दाखला देतात. आरसा काढून घेतला तरी मुख आहेच.

पण नुसता वाद जिंकून ज्ञान होत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान सांगताना सुरुवात होते ती मानाची हाव नसणं, दंभ नसणं, अहिंसा, क्षमा, सरळपणा यांपासून. म्हणजे ज्ञान वागण्यात दिसावं लागतं. इच्छा, द्वेष, सुख, दुःख यांना तर गीता क्षेत्रात, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या गोष्टींत घालते. राग आला तर 'मी राग' नव्हे. राग कळतोय, एवढं पाहिलं तरी जीभ आवरते. पंगतीत, पाण्याच्या टँकरपाशी याची परीक्षा होते.

शेवटी एवढंच. सोहळ्यात समाज आरतीला चोपदार चोप उंचावतात, हजारो टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. तिला कुणी पाखंडी म्हणत नाही. चोपदार तिच्याकडं जातात, ऐकून घेतात, मग टाळ शांत होतो. पोराच्या शंकेचा टाळही असाच ऐकून घ्या. पुढच्या शंभर वर्षांची पताका त्याच्याच खांद्यावर आहे.

रामकृष्ण हरी!