परदेशातील अध्यापनाची नोकरी : तिचा शोध व तिची पूर्वतयारी

(महोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-संमेलनातील भाषण)



महोत्सवाच्या या आनंदप्रसंगी नोकरीचाकरीचा व्यावहारिक विषय काढावा की काढू नये, असा संकोच कित्येकांस वाटेल. तथापि आपल्या समाजात शिक्षकाचा पेशा घरोघरी चालत आला आहे, आणि ‘परदेशी शिक्षकाची नोकरी कशी मिळेल?’ हा प्रश्न आज त्याच घरांतून विचारला जात आहे. त्याचे होईल तितके सरळ उत्तर द्यावे, म्हणून मी येथे उभा आहे.

हा प्रश्न उगाच उत्पन्न झालेला नाही. २०१२ साली आपल्या राज्यात शिक्षकभरती थांबविण्यात आली; पुढे ती ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून सुरू झाली. मधल्या वर्षांत डी.एड., बी.एड. झालेल्या पुष्कळ तरुण-तरुणींची उमेदीची वर्षे वाट पाहण्यात गेली. अशांनी समुद्रापलीकडे दृष्टी टाकली, तर त्यांस दोष कोण देईल? शिवाय ही वाट काही नवी नव्हे. सम्राट हैले सेलासी याच्या कारकीर्दीत इथिओपियातील शाळांमध्ये भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने शिकवीत असत. आपला शिक्षक परक्या मुलखात नाव मिळवू शकतो, याविषयी शंका नको.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे की, या कामात क्रम फार महत्त्वाचा आहे. प्रथम त्या देशात आपली पात्रता मान्य होते की नाही ते पाहावे. मग शाळा शोधावी. मग करारनामा वाचावा. आणि तिकीट सर्वांच्या शेवटी काढावे. फसगत होते ती बहुधा हा क्रम उलटा झाल्यामुळे. दागिने गहाण ठेवून किंवा वाडीचा तुकडा विकून आधी दलालाचे पैसे भरावयाचे, मग विमानात बसावयाचे, आणि आपली पदवी तेथे चालत नाही हे तेथे पोहोचल्यावर समजावयाचे, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही.

आता पात्रतेविषयी. प्रत्येक देशाची कसोटी निराळी असते. इंग्लंडने २०२३ च्या फेब्रुवारीत भारतासह आणखी काही देशांतील शिक्षकांस तेथील ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’ मिळविण्याची वाट खुली केली. परंतु भारतीयांपुरती ती गणित, विज्ञान व भाषा हे विषय ११ ते १६ वर्षांच्या विद्यार्थ्यांस शिकविणाऱ्यांसाठी होती, आणि पदवी, अध्यापनाचे शिक्षण व अनुभव या तिन्ही गोष्टींची अट होती. यावरून ध्यानात येईल की, बारावीनंतर केवळ डी.एड. केलेल्याने प्रथम पदवी पुरी करणे हेच शहाणपणाचे आहे.

ऑस्ट्रेलियात स्थलांतरासाठी जी पात्रता-तपासणी होते, तीत एकूण चार वर्षांचे उच्च शिक्षण, त्यांपैकी निदान एक वर्षाचे अध्यापन-शिक्षण आणि ४५ दिवसांचे देखरेखीखालील सराव पाठ अशी अपेक्षा ठेविलेली आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन व लेखन यांत ७, तर श्रवण व संभाषण यांत ८ गुण मागितले जातात. लेखनापेक्षा बोलण्यास व ऐकण्यास अधिक गुण का, याचा विचार आपण करावा. वर्गात मूल भरभर बोलते. ते शिक्षकास समजले पाहिजे, आणि शिक्षकाचे बोलणे मुलास समजले पाहिजे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी यास भिऊ नये. मात्र एक-दोन वर्षे नित्य अभ्यास करण्याची तयारी ठेवावी.

अमेरिकेत शिक्षक-विनिमयाच्या जे-१ व्हिसावर जाता येते. त्यास निदान दोन वर्षांचा अनुभव लागतो. मुदत तीन वर्षांची, आणि वाढवून मिळाल्यास फार तर पाच वर्षांची असते. तो मार्ग परत येण्याचा आहे, स्थायिक होण्याचा नव्हे, हे समजूनच तो धरावा. आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा पुष्कळ आहेत. संयुक्त अरब अमिरातीत अशा शाळांचे वर्ष आपल्या वर्षाच्या सुमारासच, एप्रिलात, सुरू होते. इंग्लंडातील शाळा सप्टेंबरात सुरू होतात व तेथील पुष्कळशा जागा वसंत ऋतूत जाहीर होतात. अर्ज कोणत्या महिन्यात करावा, हे यावरून ठरवावे. नियम वरचेवर बदलतात. म्हणून मी आज सांगितले ते प्रमाण न मानता, अर्जाच्या दिवशी त्या त्या सरकारच्या मूळ संकेतस्थळावर नियम स्वतः वाचावा.

यानंतर कागदपत्रे. आपल्या देशात शिक्षकांची देशव्यापी अशी नोंदवही नाही. म्हणून शाळेने दिलेले अनुभवपत्र हीच आपली साक्ष होय. त्यात विषय, इयत्ता व तारखा स्पष्ट असाव्यात. शाळा अर्ध्या वर्षात मुलांना वाऱ्यावर टाकून जो जातो, त्याचे अनुभवपत्रही अडते आणि मुलांचेही नुकसान होते. यास्तव रीतसर सूचना देऊनच निघावे. पदवीची कागदपत्रे आधी राज्य शासनाच्या नेमलेल्या कार्यालयाकडून व नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावी लागतात. ओमान, बहरीन, सौदी अरेबिया हे देश अ‍ॅपॉस्टिलच्या करारात आहेत. अमिराती, कतार व कुवेत त्यात नसल्यामुळे त्यांच्या वकिलातीचाही शिक्का घ्यावा लागतो.

आपल्या लोकांस एक विशेष सूचना. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि पासपोर्टावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तिसरेच, असे आपल्या घरांत हटकून आढळते. डिसोजा हे एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले दिसते. विवाहानंतर भगिनींचे नाव बदलते ते निराळेच. ही तफावत आज घरी बसून दुरुस्त होईल. अर्ज गेल्यावर ती महिनेच्या महिने खाईल.

आता दलालांविषयी. १९८३ च्या एमिग्रेशन अ‍ॅक्टाप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटास सरकारी नोंदणी लागते, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्कास ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी इतकी मर्यादा घातलेली आहे. एजंट नोंदलेला आहे की नाही, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. लाखांचा आकडा कोणी उच्चारला, की तेथून उठावे. इंग्लंडात तर नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेणे हेच बेकायदेशीर आहे. आणखी एक बारकावा असा : दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पासपोर्टास परदेशगमनाची सरकारी मंजुरी सहसा लागत नाही. ही सवलत खरी. परंतु त्यामुळे मजुराचा करार निघण्यापूर्वी सरकारी अधिकारी पाहतो, शिक्षकाचा पाहत नाही. आपला करार आपणच वाचला पाहिजे.

तो कसा वाचावा? पगार बारा महिन्यांचा की दहा? घर शाळेचे की आपल्या खर्चाचे? जाण्याचे व परतीचे तिकीट कोण देणार? आजारपणाचा विमा आहे काय? मध्येच नोकरी सोडल्यास दंड किती? या प्रश्नांची उत्तरे तोंडी मिळाली तर ती मिळाली नाहीत असे समजावे. ‘आधी भेटीच्या व्हिसावर या, मग पाहू’ असे जो म्हणेल, त्यास नकार द्यावा. अशा व्हिसावर काम करणे अमिरातीत गुन्हा आहे, आणि शिक्षा दलालाच्या आधी शिक्षकाला भोगावी लागते. पासपोर्ट कोणाच्याही स्वाधीन करू नये.

शेवटी घराचा हिशेब. पगाराचा आकडा मोठा दिसतो. पण तेथील भाडे, मुलांची फी आणि येथे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांची सोय यांची वजाबाकी केल्यावर काय उरते, ते नवराबायकोने एकत्र बसून कागदावर मांडावे. कित्येकांस जाणे फायद्याचे ठरेल, कित्येकांस राहणे. निर्णय कोणताही असो, तो माहितीने व्हावा.

यासाठी माझी एक विनंती आहे. आपल्यांतील जे शिक्षक परदेशी राहून आले आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार सभागृहात एक तास बसावे, आणि जाऊ इच्छिणाऱ्यांचे दाखले व करारनामे सहीपूर्वी वाचून द्यावेत. यास पैसा लागत नाही, आणि यामुळे एखाद्या घराची वाडी वाचेल. आज सभा संपल्यावर दाराशी एक वही ठेविलेली आहे. ज्यांस हे काम पत्करावयाचे असेल त्यांनी तीत आपले नाव लिहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.