बेसचा पिकप बदलण्याआधी



नांदेडहून आम्ही लातूरला जयंतीला गेलो. गाणं बाबासाहेबांचं, अन् बेसमधून नुसतं घूंऽऽ. दुकानदार म्हणाला, पिकप बदला. पैसा वर्गणीचा, भावांनो. कुणाच्या एका शब्दावर उडवायचा नाही.

आधी तारांवर हात ठेवा. घूं कमी झाली तर पिकपच्या खोबणीत तांब्याची पट्टी चिकटवा, अर्थच्या वायरला जोडा. आमची निम्मी घूं तिथंच मेली. उरली ती एकेरी कॉइलची. ती लाइनचा 50 हर्ट्झ पकडते. फेंडरनं 1957 साली प्रिसिजन बेसची कॉइल दोन तुकड्यांत केली. एकात चुंबक उलटं, वेढाही उलटा. सूर राहतो, घूं एकमेकीला खाते.

मी तसलाच घेतला. खोबणीचं माप मात्र आधी घ्या, नाहीतर लाकूड कोरत बसाल. लई तिखट पिकप नको. हलगी आपल्या बापजाद्यांनी कमावलेल्या कातड्याची, ती दबता कामा नये; बेसनं खालून जाड, गोल चालावं. नऊ व्होल्टचा प्रीअँप टाळला. भर गाण्यात सेल बसला तर गायक उघडा पडतो.

अन् मंडपात अर्थिंग नसेल तर बेस लावूच नका. तारेवर बोटं, ओठाला माईक, माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. आकडा टाकणारे हसतात. हसू देत. टेस्टर माझ्या खिशात असतो.