भर समुद्रातील पक्षिनिरीक्षण



आपल्या मुंबई हायप्रमाणे स्कॉटलंड व नॉर्वे यांच्यामधील उत्तर समुद्रातही तेल काढण्यासाठी पोलादी प्लॅटफॉर्म उभे आहेत. तेथील कामगारांच्या एका छंदाविषयी मी बोलणार आहे. १९७९ साली ‘नॉर्थ सी बर्ड क्लब’ स्थापन झाला आणि फावल्या वेळात दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदी एकत्र होऊ लागल्या.

याचे महत्त्व काय? उन्हाळ्यात समुद्रपक्षी कड्यांवर घरटी करतात. तेव्हा त्यांची मोजदाद सोपी. हिवाळ्यात ते दूर समुद्रावर पांगतात. त्या समुद्राच्या उत्तर टोकाला डिसेंबरातला दिवस सहा तासांचाही नसतो, त्यात वादळे. जहाजातून पाहणी करणार कशी? प्लॅटफॉर्म मात्र जागचा हलत नाही. तेथून फुल्मर दिसतो, किटीवेक कुरव दिसतो, आर्क्टिकातून उतरलेला, साळुंकीहूनही लहान लिटल ऑक दिसतो.

मात्र सावधगिरी हवी. दिवे आणि जळत्या वायूची ज्योत कित्येक पक्ष्यांना ओढून आणते. तेव्हा तेथील गर्दी म्हणजे सबंध समुद्रावरची गर्दी नव्हे. शिवाय ज्या दिवशी काहीच दिसले नाही, त्या दिवसाचे शून्यही लिहिले पाहिजे. त्यावाचून इतर आकड्यांस अर्थ नाही.

आता तेथील तेलसाठे आटत आहेत. निकामी प्लॅटफॉर्म समुद्रात टाकून देण्यास १९९८ च्या आंतरराष्ट्रीय निर्णयाने सामान्यतः मनाई केली. ते एकेक करून काढले जात आहेत. समुद्राच्या दृष्टीने हे इष्टच. पण त्यांच्याबरोबर हिवाळ्यातला हा पहाराही उठणार. म्हणून उरलेल्या वर्षांतील प्रत्येक नोंद मोलाची आहे.