वारा फिरला त्या दिवशी

वाऱ्यावर कविता लिहिणं सोपं असतं. मीही पुष्कळ लिहिल्या. झुळूक, वावटळ, सोसाटा असे चार शब्द हाताशी असले की काम भागतं. पण वारा ही काय चीज आहे ते मला कवितेनं शिकवलं नाही. ते कळलं हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या धावपट्टीवर, एप्रिल १९९४ मधल्या एका रविवारी.

मी बी. ए. होऊन घरी बसलो होतो. केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे सरकारी. त्यामुळे शिकवण्या करून माझ्यासारख्या शिंप्याच्या मुलालाही उडणं परवडत होतं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. आपल्या विमान खात्यानं आरेखन केलेल्या ग्लायडरांना नक्षत्रांची नावं होती: अश्विनी, रोहिणी, मृगशीर. ज्यानं ही नावं निवडली तो पावसाची वाट बघणाऱ्यांतला असणार, असं मला नेहमी वाटे.

धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला विंच असतं. किलोमीटरभर लांबीची तार ग्लायडरच्या पोटाखाली अडकवायची, विंचनं ती झपाट्यानं गुंडाळायची, आणि पतंग चढावा तसं ग्लायडर चढतं. हजारेक फुटांवर तार सोडली की पुढचं सगळं हवेच्या मर्जीवर. हे सारं वाऱ्याकडे तोंड करून करायचं. चढायचं वाऱ्यावर, उतरायचंही वाऱ्यावर.

त्या रविवारी माझी सोलो होती. सकाळी सरांबरोबर दोन फेऱ्या, त्या नीट झाल्या तर तिसरी एकट्यानं. अब्बांना मी बरोबर नेलं होतं. लग्नसराईच्या दिवसांत त्यांनी दुकान बंद ठेवलं, हे माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. डबा घेऊन ते झाडाखाली बसले. ग्लायडर जवळून बघितलं तेव्हा त्यांची नजर पंखांवर नाही, समोरच्या काचेवर गेली. तिथं लोकरीचा एक वीतभर दोरा चिकटवलेला असतो. ग्लायडर हवेत सरळ चाललंय की तिरकं घसरतंय, ते हा दोरा सांगतो. "एवढ्या यंत्राला लोकरीचा दोरा?" असं म्हणून ते हसले. मग बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिले.

दोन्ही फेऱ्या चांगल्या झाल्या. साडेदहाच्या सुमाराला सर म्हणाले, "पाणी पी, मग जा." मी पाणी प्यायलो, आणि तेवढ्यात विंडसॉक लोंबला. दिवे घाटाकडून येणारा वारा पडला. थोड्या वेळानं तो शहराकडून वाहू लागला.

वारा उलटला की सगळी मांडणी उलटी करावी लागते. विंच या टोकाचं त्या टोकाला, ग्लायडर ढकलत त्या टोकाचं या टोकाला. आम्ही सात-आठ पोरं उन्हात घामाघूम झालो. तासभर गेला. तार अडकवायला घेतली तर विंडसॉक पुन्हा घाटाकडचा वारा दाखवू लागला. विंच चालवणाऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. ते म्हणाले, "आज वाऱ्याचं काय खरं नाही." एप्रिलमध्ये असं होतं. तापलेल्या जमिनीवरून हवेचा लोट वर उठतो, त्याची जागा भरायला आजूबाजूची हवा धावते. तो लोट ज्या बाजूला असेल, तिकडे धावपट्टीवरचा वारा ओढला जातो. वर घारी मजेत घिरट्या घालत असतात, खाली आपली तारांबळ.

दुपारी तीनला वारा एका बाजूनं टिकलाय असं वाटलं. सर म्हणाले, "आधी मी येतो बरोबर." मला राग आला. सकाळी दोनदा बघितलं ना! चढलो, वळलो, उतरायला धावपट्टीच्या रेषेत आलो, आणि शेवटच्या टप्प्यात ग्लायडर खाली बसेना. जमीन पायाखालून जरा जास्तच वेगानं पळत होती. मला ते दिसत होतं, कळत नव्हतं.

हिशेब साधा आहे. हवेतला वेग ताशी ८० किलोमीटर धरा. १५ किलोमीटरचा वारा समोरून असेल तर जमिनीवरून तुम्ही ६५नं जाता, पाठीमागून असेल तर ९५नं. विमान तेच, हात तेच, पण ३० किलोमीटरचा फरक. आणि इंजिन नाही, म्हणजे पुन्हा वर जाऊन दुसऱ्यांदा उतरू असं म्हणायची सोय नाही.

मी नाक वर ओढायला लागलो होतो. ते चुकीचं होतं. दांड्यावर सरांचा हात आला, पंखांवरचे ब्रेक पूर्ण उघडले. टेकलो, घरंगळत गेलो आणि थांबलो तेव्हा समोरचं कुंपण दगड मारला तर लागेल एवढ्यावर होतं. सर काही बोलले नाहीत. पंख एका बाजूला टेकला, धूळ खाली बसली. मग म्हणाले, "आज नाही. पुढच्या रविवारी."

पुढचा रविवार आला नाही. त्याच आठवड्यात नांदेडहून नोकरीचं पत्र आलं आणि मी गेलो. माझ्या लॉगबुकात शेवटची नोंद त्या तिसऱ्या फेरीची आहे, सरांच्या सहीची. सोलोचा रकाना कोरा आहे. कुणी विचारलं, तुम्ही विमान चालवलंय का, तर काय उत्तर द्यावं हे मला आजही ठरवता येत नाही.

संध्याकाळी अब्बा आणि मी चालत गाडीतळाकडे निघालो. माझी मान खाली होती. त्यांना सगळ्यांसमोर आपलं हसं झालं असं वाटलं असेल, एक दिवसाची कमाई गेली ती वेगळीच, हे माझ्या डोक्यात. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "तुझे सर कापड बघून कात्री लावणारे आहेत."

डबा तसाच होता. मी एकटा उडून आल्यावर दोघांनी मिळून खायचं ठरवलं होतं, म्हणून दिवसभर त्यांनी तो उघडला नव्हता. बसला वेळ होता. गाडीतळावर उभ्या उभ्या आम्ही तो संपवला.