कापडाची वंशावळ आणि संगणक



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा परिचय मी या सभागृहात करून द्यावा, हे औचित्याला धरून होणार नाही. म्हणून थेट विषयाकडे वळतो. तयार कपड्यांच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या हातून निसर्गाची व माणसाची जी हानी होते, ती संगणकीय तंत्रज्ञानाने कमी करता येईल काय, हा आजचा प्रश्न आहे.

इंदुरात कापडाविषयी बोलताना प्रस्तावना लागू नये. नव्या पिढीला ‘मालवा मिल’ हे एका चौकाचे नाव वाटते; पण या शहराच्या कित्येक घरांतील चुली एके काळी गिरण्यांच्या भोंग्यावर पेटत. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी चुकती होण्यासाठी २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. त्या काळच्या ताग्याच्या किनारीवर गिरणीचे नाव छापलेले असे. पहिल्या धुण्यात ते पुसट होई, पण कापड कोठे विणले गेले हे घेणाऱ्याला ठाऊक असे. आज सदऱ्याच्या गळपट्टीवर नाव असते, ते विकणाऱ्याचे. कापूस कोणाचा, सूत कोठले, रंगाई कोणत्या नदीकाठी झाली, शिवणारे हात कोणाचे, यांतले काहीच त्यावर नसते.

आणि कित्येकदा ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, हे जगाला २४ एप्रिल २०१३ रोजी कळले. ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे कोणकोणत्या कंपन्यांचे कपडे शिवले जात होते, हे ढिगाऱ्यात सापडलेल्या लेबलांवरून आणि कागदपत्रांवरून शोधावे लागले. एका ठेकेदाराने घेतलेले काम दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, असा तो व्यवहार होता.

संगणक आपल्याला प्रामुख्याने देतो तो हिशेब. कापडाची वंशावळ लिहून ठेवण्याचे याहून चांगले साधन आजवर माणसाच्या हाती आलेले नाही. परंतु त्या हिशेबाचे मोल दोन गोष्टींवर ठरते: तो कशासाठी ठेवला आहे, आणि त्यातली पहिली नोंद कोणाच्या हातची आहे.

आधी जेथे लाभ निर्विवाद आहे ते पाहू. नवी जीनची विजार विटलेली दिसावी, ही अलीकडची एक विलक्षण हौस. त्यासाठी कापडावर वाळूचा जोराचा मारा करीत. ती धूळ फुफ्फुसात जाऊन तुर्कस्तानात अनेक तरुण कामगार सिलिकोसिसने दगावले. २००९ मध्ये तेथे या पद्धतीवर बंदी आली. आपल्या मंदसौरकडे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या मजुरांना हाच रोग जडत असे, आणि बहुधा त्याच पेन्सिलींनी आपल्यापैकी अनेकांनी अक्षरे गिरवली आहेत. पेन्सिलीचे निदान शिक्षण तरी होते; विजार जुनी दिसावी म्हणून कोणी आपली फुफ्फुसे झिजवावीत, याला काय म्हणावे? आता संगणकाने चालवलेला लेसर किरण तेच काम करतो. लेव्हाईज कंपनीने २०१८ मध्ये जाहीर केले की, या रीतीने एका विजारीचे काम ९० सेकंदांत होते आणि हजारो रासायनिक मिश्रणांच्या जागी काही डझन पुरतात.

रंगशाळेतही असेच आहे. रंगाची छटा नमुन्याशी जुळली नाही की घाण पुन्हा रंगवावा लागतो. म्हणजे पाणी, वाफ आणि मीठ पुन्हा खर्ची पडते. छटा मोजून रंगाचे प्रमाण सांगणारा संगणक ही दुसरी फेरी वाचवतो. पडद्यावरच कपडा ‘शिवून’ पाहण्याची सोय झाल्यामुळे तिरुपूर किंवा ढाक्याहून युरोपात नमुन्यांच्या पुड्या पाठवण्याच्या खेपाही कमी होतात. यावर अधिक वेळ घेत नाही.

अडचण पुढे आहे. बर्बरी या इंग्रजी कंपनीने एका वर्षात २ कोटी ८६ लक्ष पौंड किमतीचा न खपलेला माल नष्ट केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले आणि बोभाटा झाल्यावर तिने ही प्रथा सोडली. युरोपीय संघाने तर मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे नष्ट करण्यास बंदी घालणारा कायदाच केला. त्यासाठी १९ जुलै २०२६ ही तारीख ठरवली. आता प्रत्येक कपड्याला चिकटवलेल्या सूक्ष्म चकतीमुळे कोणत्या दुकानात किती नग शिल्लक आहेत हे क्षणात समजते. मग जेवढे खपेल तेवढेच शिवावे, असे आपल्याला वाटते. परंतु चीनमध्ये सुरू झालेल्या शीन कंपनीचे उदाहरण पाहा. ती एकेका नमुन्याचे शंभर-दोनशे नगच प्रथम करून घेते, गिऱ्हाइकाची बोटे पडद्यावर कोठे थबकतात ते पाहते, आणि खपेल तेच वाढवते. एकेका नमुन्यापुरता तो हिशेब काटकसरीचा आहे. पण असे नवे नमुने रोज हजारोंनी निघतात! आमच्या वाडवडिलांच्या दुकानात ‘टिकाऊ’ म्हणजे पुष्कळ वर्षे चालणारे कापड. कंपन्यांच्या अहवालांतल्या ‘शाश्वतते’त हा जुना अर्थ क्वचितच दिसतो.

आता आपल्या निमाडकडे येतो. देशातील सेंद्रिय कापसाचा मोठा भाग मध्य प्रदेशात पिकतो. अशा कापसाच्या प्रत्येक व्यवहाराला प्रमाणपत्र लागते. २०२० मध्ये सेंद्रिय वस्त्रांचे जागतिक मानक सांभाळणाऱ्या ‘गॉट्स’ या संस्थेने भारतातील सुमारे २०,००० टन कापसाची खोटी प्रमाणपत्रे उघडकीस आणली. त्या कागदांवर क्यूआर कोड होते आणि ते तपासले असता संकेतस्थळही उघडत असे. मात्र ते अपेडा या केंद्रीय संस्थेच्या ‘ट्रेसनेट’ची हुबेहूब नक्कल होते. यंत्राने यंत्राला विचारले, यंत्राने होकार दिला, आणि शेतात कोणी गेलेच नाही. खरा सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा भाव मात्र त्या खोट्या कापसाने पाडला.

याच निमाडात, खरगोन जिल्ह्यातील कसरावदला, स्विस कंपनी रेमाईच्या सहकार्याने १९९० च्या दशकापासून ‘बायोरे’चे काम चालू आहे. तेथे शेतकऱ्याशी थेट करार असतो, खरेदीची हमी असते आणि बाजारभावावर अधिक मोबदला मिळतो. पुढे कपड्यावरच्या सांकेतिक क्रमांकावरून मागे जाण्याची सोय झाली. ती पोकळ ठरत नाही, कारण माणसांची साखळी आधी जुळली आणि संगणक मागाहून आला. शेतावर जाणारा माणूस, जिनिंगच्या दारावरचा काटा आणि सरकीतले परके जनुक ओळखणारी प्रयोगशाळा, या तिन्हींचा खर्च कंपनीच्या खतावणीत असला पाहिजे. आज तो पुष्कळदा शेतकऱ्याच्याच माथी बसतो.

१८ जुलै २०२४ रोजी युरोपीय संघाचा जो कायदा अमलात आला, त्यानुसार क्रमाक्रमाने अनेक वस्तूंना ‘डिजिटल पासपोर्ट’ लागणार आहे, आणि अग्रक्रमाच्या वस्तूंत वस्त्रे आहेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे निर्यातीच्या व संगणकाच्या व्यवसायात आहेत, त्यांच्यापुढे हे काम येणारच. त्यांना माझी एवढीच विनंती की, त्या पासपोर्टात कापसाला मिळालेला भाव नोंदवण्याचा रकाना असावा, आणि त्या नोंदीची प्रत शेतकऱ्याच्या हाती, त्याला वाचता येईल अशा भाषेत पडावी. दुकानातल्या गिऱ्हाइकाला शेतकऱ्याचे नाव कळते, पण आपला कापूस कोणाच्या अंगावर गेला आणि कोणत्या किमतीला विकला गेला, हे शेतकऱ्याला कळत नाही. ही वंशावळ अजून एकाच बाजूने वाचता येते. तांत्रिकदृष्ट्या ती दुसऱ्या बाजूने वाचता येण्यात काहीही अडचण नाही.