दहाव्या लेण्यातला शिकारी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा भाचा सकाळीच घरी आला आणि अंगणात त्यानं एक पोतं पालथं केलं. आतून निघाला तो पालापाचोळ्याचा पोशाख. सदरा, विजार, डोक्यावरची टोपी, सगळ्यांवर तागाच्या आणि कापडाच्या हिरव्या-तपकिरी झिरमिळ्या शिवलेल्या. तो अंगावर चढवून स्वारी पेरूच्या झाडाखाली जाऊन बसली. माझी अम्मी वजूसाठी पाणी घ्यायला बाहेर आली आणि झाड बोलल्यावर किंचाळलीच. ओळख पटल्यावर म्हणाली, "या अल्ला, बहुरूपी झालास का रे?"

भाच्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे. पैठणच्या नाथसागरावर तो तासन् तास बसतो. मला म्हणाला, "मामू, याला गिली सूट म्हणतात. फोटोवाल्यांनी तो आता घेतला, पण मुळात शिकाऱ्यांचा. धनुष्यबाणवाले तर याच्यावर फार विसंबतात."

मी कवी माणूस, मला आधी शब्दाचं कुतूहल. 'गिली' म्हणजे स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत पोऱ्या, गडी. तिथल्या जमीनदारांना हरणाच्या मागावर नेणारे हे गडी. १९०० साली बोअर युद्धासाठी लोव्हॅट स्काउट्स नावाची तुकडी उभी राहिली, तिच्यात असे गडी भरती झाले आणि त्यांच्या अंगावरचा पाला रणांगणावर गेला. मालकाच्या शिकारीत रानात सरपटणारा गडीच होता, तेव्हा पोशाखाला नाव त्याचं पडलं हे ठीकच झालं.

अमेरिकेत धनुष्यानं हरणाची शिकार आजही कायदेशीर आहे. बंदूकवाला लांबून काम भागवतो. धनुर्धाऱ्याला वीस-तीस पावलांच्या आत जावं लागतं, आणि तेवढ्या अंतरावर हरणाचं नाक, कान, डोळा यांपुढे माणसाचं काय चालणार? वारा हरणाकडून आपल्याकडे हवा, नाहीतर पोशाख कितीही झकास असो, वासच घात करतो. शिवाय या झिरमिळ्या प्रत्यंचेत अडकतात आणि बाण भलतीकडे जातो, म्हणून जाणते लोक छातीवरच्या आणि हातावरच्या झिरमिळ्या कातरून टाकतात. एक गंमत आणखी. हरणाला तांबड्या-नारिंगी रंगाची नीट पारख नसते. म्हणून तिकडच्या अनेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यानं भडक नारिंगी कपडा घालावा असा नियम आहे. हरणाला तो मळकट दिसतो आणि दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र लांबून कळतं की हा माणूस आहे, मारू नकोस.

ते ऐकलं आणि मला अजिंठा आठवला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार संपली. पण दडून बाण मारणाऱ्याची कथा आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, दहाव्या लेण्याच्या भिंतीवर, सुमारे दोन हजार वर्षं आहे. छद्दन्त जातक. सहा सुळ्यांचा गजराज, त्याच्या दोन राण्या. धाकटीचा गैरसमज होतो की याचं प्रेम थोरलीवरच. त्या रागात ती मरते आणि पुढच्या जन्मी काशीची राणी होऊन त्याच हत्तीचे सुळे मागते. सोनुत्तर नावाचा शिकारी निघतो. सात वर्षं, सात महिने, सात दिवस चालतो. हत्ती आंघोळ करून जिथे उभा राहतो तिथे खड्डा खणतो, वर फळ्या टाकतो, माती आणि पाचोळा पसरतो, बाणापुरतं भोक ठेवतो. इथपर्यंत सगळं गिली सूटच. पण जाताना तो अंगावर एक कापड घेतो. भिक्षूचं काषाय वस्त्र.

विषारी बाण लागल्यावर हत्ती त्याला चिरडायला येतो आणि ते वस्त्र बघून थांबतो. या रंगाच्या कपड्यावर सोंड उगारायची नाही. पुढे शिकाऱ्याला सुळे कापता येत नाहीत, तेव्हा हत्तीच करवत सोंडेत घेतो आणि स्वतःचे सुळे कापून देतो. ते बघून राणीचं काळीज फुटतं. भिंतीवर आज काजळी आहे, जुनं वार्निश आहे, भेट देणाऱ्यांचे ओरखडे आहेत, तरी हत्तींच्या रेषा आणि कोसळणारी राणी दिसते. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत अजिंठ्याची चित्रं छापून काढली. ही चित्रं मी आधी त्या पानांत पाहिली, भिंतीवर नंतर.

त्याच लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं आपलं नाव कोरलंय, १८१९ च्या एप्रिलमधलं. साहेब वाघाच्या शिकारीला आला होता! ते नाव आज डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेणं मातीनं भरलेलं होतं आणि तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता.

मला खड्ड्याचं काही वाटत नाही. वाघही गवतात दबतो, बगळाही काडीसारखा उभा राहतो. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात पारध्यांच्या शाखांची यादी आहे. बैलाच्या आडून सावजाकडे सरकणारे गायके पारधी, फासे लावणारे फासेपारधी. यातली मेहनत कमी नाही. बैलाला तसं चालायला शिकवणं ही विद्याच आहे. १८७१ च्या कायद्यानं अशा कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, आणि तो शिक्का १९५२ साली कागदावरून निघाला तरी माणसांच्या नजरेतून निघाला नाही. याच यादीत गोसावी पारधीही आहेत, भगवी वस्त्रं नेसणारे. पण ग्रंथकार लिहितात की ते हरीण मारत नाहीत, ससे-कोल्ह्यांवर भागवतात. कापड अंगावर घेतलं तर त्याचं थोडं तरी ऐकावं लागतं, असंच काही असेल का? सोनुत्तरानं मात्र ऐकलं नाही. तो पाल्यात लपला ते चाललं. तो विश्वासात लपला, ते मला आजही खुपतं.

आता माझं सांगतो. बी.ए. झाल्यावर मी कविता पाठवायला लागलो ते एका टोपणनावानं. नावावरून माझी जात, धर्म, काही कळू नये असं ते नाव. कविता छापून आल्या. एका गावच्या कविसंमेलनाचं आमंत्रण आलं. एस.टी. स्टँडवर संयोजक हातात पाटी घेऊन उभे, पाटीवर माझं टोपणनाव. मी समोर जाऊन उभा राहिलो. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, कवी येतोय का म्हणून. चांगली पाच मिनिटं मी त्यांच्यासमोर होतो आणि त्यांना दिसत नव्हतो. शेवटी मी पाटीवर बोट ठेवलं. ते ओशाळले, मग म्हणाले, "वा वा, मराठी छान बोलता तुम्ही." माणूस वाईट नव्हता, रात्री स्वतःच्या ताटातलं थालीपीठ त्यांनी मला वाढलं. पण परतीच्या गाडीत मी विचार करत होतो, माझं ते नाव म्हणजे नुसता पाला होता, की काषाय? मी फक्त दडलो होतो, की कोणाच्या भरवशाचा फायदा घेतला होता? टोपणनाव मी त्याच वर्षी सोडलं. प्रश्न अजून सुटलेला नाही.

मागच्या महिन्यात भाच्यानं मलाही नाथसागराच्या काठी नेलं आणि तो पोशाख घालून बसवलं. "मामू, हलायचं नाही." तो स्वतः लांब दुसऱ्या झुडपात. अर्धा तास मी श्वाससुद्धा जपून घेतला. पाणकावळे, शेराटी जवळ येऊन गेले. मग पाठीमागून कोणीतरी माझी बाही ओढली. शेळी! तागाची झिरमिळी चघळत होती. तिच्यामागून काठी टेकत एक म्हातारी आली आणि ओरडली, "कोन हाय रं त्या झुडपात?"

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण.

"मंग उठा की," ती म्हणाली, "शेळी खाईल समदं."