रूबी मायर्स यांचा आवाज

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा तेथील कलावंताजवळ नुसता आवाज होता. आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ या मूकपटात माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ अशी आठ सोंगे वठवून ज्यांनी प्रेक्षकांना वेड लावले, त्या रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना यांच्याजवळ केवळ चेहरा होता. (मराठी पडद्यावरच्या सुलोचनाबाई निराळ्या, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगितलेले बरे.)

मौज अशी की, १९०७ साली पुण्यात बगदादी यहुदी घराण्यात जन्मलेल्या या मुलीची पहिली चाकरी आवाजाचीच होती. टेलिफोनच्या कचेरीत कानांना यंत्र लावून, समोरच्या फळीतल्या भोकांत दोऱ्या खुपसत, कधीही न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाशी दिवसभर अदबीने बोलावयाचे, हे ते काम. तेथून कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला पडद्यावर नेले. १९२५ साली ‘वीरबाला’ आला आणि पुढच्याच वर्षी ‘टेलिफोन गर्ल’, ज्यात बोलण्यावर पोट भरणाऱ्या बाईची भूमिका तिला मुक्यानेच करावी लागली!

पुढे चित्रपटालाच वाचा फुटली. स्टुडिओशेजारून आगगाड्या धडधडत जात, म्हणून इंपीरियल कंपनीच्या मंडळींनी पात्रांच्या आसपास ध्वनिग्राहक दडवून रात्री-अपरात्री चित्रण केले, आणि १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला. त्याची नायिका जुबेदा. इंपीरियलच्याच नामांकित नटी सुलोचना यांना मात्र हिंदुस्थानी भाषा पुरती वश नव्हती. आणि त्या बोलपटाचे शब्द कोणाचे? पारशी रंगभूमीवर मुरलेले नाटककार जोसेफ डेव्हिड पेणकर यांचे! आडनावावरून ओळखलेच असेल; आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे, नावगावला गलबत फुटून आलेल्या पूर्वजांची कथा सांगणारे, पूर्वी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारे जे बेने इस्रायल यहुदी, म्हणजेच शनवार तेली, त्यांच्यापैकीच ते. धर्म एक, परंतु एकाचा मुलखाशी घरोबा शतकांचा आणि दुसरीची जवळीक इंग्रजीशी. माझ्या मते तिचे तकदीर रूपाने नव्हे, या तफावतीने अडवले.

तथापि बाई खचल्या नाहीत. वर्षभर भाषेची तालीम करून त्या १९३२ च्या ‘माधुरी’त बोलत्या झाल्या, आणि मग आपलेच जुने मूकपट त्यांनी पुन्हा बोलून दाखवले : १९२८ ची मुकी ‘अनारकली’ १९३५ साली बोलू लागली. १९५३ साली ‘अनारकली’ तिसऱ्यांदा आला तेव्हा नायिका बीना राय होत्या आणि सुलोचनाबाई सलीमच्या मातोश्री! सरकारदरबारातून दादासाहेब फाळके पुरस्कार निघाला तो १९७३ साठी, म्हणजे ‘वीरबाला’नंतर तब्बल ४८ वर्षांनी; दप्तरदारांची दिरंगाई, दुसरे काय!